झोपेच्या गोळीचा त्याग : शक्तीनुसार आणि सावकाश

पर्युषण असो वा दशलक्षण पर्व, त्या दिवसांत घरोघरी त्यागाचे नियम घेतले जातात. कोणी हिरवी भाजी वर्ज्य करतो, कोणी एकाशन करतो, कोणी अठाईचा संकल्प करतो. याच उत्साहात वर्षानुवर्षे घेत असलेली झोपेची गोळीही ‘आजपासून बंद’ असे ठरविणारी ज्येष्ठ मंडळी असतात. काहींच्या बाबतीत उपवासात औषध घ्यायचे नाही म्हणून ती आपोआपच बंद पडते. हेतू स्तुत्य असतो. परंतु या गोळीचा त्याग एका रात्रीत करणे शरीराला मानवत नाही.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही सारी ‘बेन्झोडायझेपीन’ या एकाच वर्गातील औषधे. या वर्गातील पहिले औषध १९६० साली बाजारात आले. मेंदूला शांत ठेवणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा प्रभाव ही गोळी वाढविते. रोज बाहेरून मदत मिळू लागली की मेंदू आपली घडी तिच्याशी जुळवून घेतो. ती मदत अकस्मात थांबली तर उत्तेजना आवरणे त्याला जमत नाही. झोप उडते, हात थरथरतात, छाती धडधडते, घाम सुटतो, साधा आवाज व उजेडही असह्य होतो. काहींना भ्रम होतो, आकडी येते. प्रसंगी हे जिवावरही बेतते.

न्यूयॉर्कमधील दूरचित्रवाणी निर्मात्या बार्बरा गॉर्डन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात हाच अनुभव सांगितला आहे. डायझेपाम एकदम थांबविण्याचा सल्ला त्यांना डॉक्टरांनीच दिला होता. त्यानंतर त्यांची अवस्था इतकी ढासळली की मनोरुग्णालयात राहावे लागले.

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे प्राध्यापिका हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ पासून १२ वर्षे अशा रुग्णांसाठी स्वतंत्र दवाखाना चालविला. रुग्णांचे म्हणणे त्यांनी मन लावून ऐकले आणि त्यावरून पद्धत बसविली : मात्रा थोडी थोडी, महिनोन्महिने कमी करावयाची आणि गती रुग्णाला झेपेल तशी ठेवावयाची. रुग्णांच्या अनुभवांतून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. चार दिवस बरे जातात, मग पुन्हा बेचैनी उसळते. मूळचा आजार परतला असे समजून अनेक जण येथेच धीर सोडतात. वस्तुतः तो पुष्कळदा गोळी सुटण्याचाच त्रास असतो व काळाने ओसरतो.

गोळी सोडण्यास सबळ कारणेही आहेत. उतारवयात तिच्यामुळे तोल जातो, पडून खुब्याचे हाड मोडते, स्मरणशक्ती मंदावते. कॅनडात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्धांना या धोक्यांची आणि टप्प्याटप्प्याने सोडण्याच्या रीतीची माहिती देणारी पुस्तिका दिली गेली. सहा महिन्यांत त्यांतील २७ टक्के लोकांची गोळी सुटली. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. म्हणजे वय झाले म्हणून आता काही होणार नाही, असे मुळीच नाही.

अमेरिकेतील २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रारंभी दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा ५ ते १० टक्केच कमी करावी. हे गणित डॉक्टरांनी मांडावयाचे असते. घरी गोळीचे तुकडे करून नव्हे. अठाई वा दीर्घ उपवासाचा विचार असेल तर पच्चक्खाण घेण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. चौविहार पाळणाऱ्यांनी गोळीची वेळही विचारल्याखेरीज बदलू नये, कारण सूर्यास्तापूर्वी घेतलेल्या गोळीची गुंगी घरात वावरतानाच येऊ शकते. आकडी, भ्रम किंवा आत्मघाताचे विचार दिसताच विलंब न करता रुग्णालय गाठावे.

घरच्यांचे कर्तव्यही मोठे आहे. ‘मनाचा निग्रह कमी पडतो’ असे बोलून ज्येष्ठांना दुखवू नये. रात्री जाग आली तर दोन शब्द बोलावेत, सकाळी फिरावयास सोबत जावे, दुपारची दीर्घ झोप टाळण्यास मदत करावी.

षोडशकारण भावनांमध्ये ‘शक्तितस्त्याग’ ही एक भावना सांगितली आहे. त्यागाला शक्तीचे माप तेथेच जोडलेले आहे. आज मात्रेचा दहावा भाग सोडणाऱ्या आजींचा नियमही तितकाच खरा त्याग आहे, आणि तो शेवटास जाण्याची शक्यता अधिक आहे.