गव्हातील ग्लुटेन : चिवटपणा गंधकाच्या बंधांचा

मूठभर कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवा, मग पाण्याच्या बारीक धारेखाली चोळत धुवा. पांढरा स्टार्च वाहून जातो आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. हेच ग्लुटेन. गव्हातील सुमारे ८० टक्के प्रथिने या गटातील असतात.

यात दोन प्रकारची प्रथिने असतात. ग्लायडिनच्या साखळ्या सुट्या असतात, म्हणून पोळी लाटताना पसरते. ग्लुटेनिनच्या साखळ्या मात्र एकमेकींना डायसल्फाइड बंधांनी जोडलेल्या असतात; त्यामुळे कणीक ताणली तरी मागे येते. हा बंध म्हणजे सिस्टीन या अमिनो आम्लातील गंधकाच्या दोन अणूंची सांधणी. सोबतीला असंख्य हायड्रोजन बंध असतात, पण पक्की गाठ गंधकाचीच.

हे गंधक पिकाला जमिनीतूनच मिळते. ते कमी पडले तर दाण्यात कमी गंधकाची प्रथिने वाढतात आणि कणीक ताठर होते, नीट ताणली जात नाही. नुसता युरिया वाढवून हे सुधारत नाही. डीएपीमध्ये गंधक जवळजवळ नसते. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे ११ टक्के असते. पेरणीपूर्वी माती परीक्षण अहवालात नत्र, स्फुरद, पालाश यांच्याखाली गंधकाचा आकडाही पाहा.