उरलेलं आणि शिळं

दावत संपते, पाहुणे सलाम-दुआ करून निघतात, दस्तरखान उचललं जातं आणि ओट्यावर पातेल्यांची रांग लागते. एकात कोरमा, दुसऱ्यात बिर्याणी, ताटात तळलेल्या चिकनचे चार-सहा तुकडे. पाय भरून आलेले असतात. ‘झाकून ठेवा, सकाळी बघू,’ असं घरातलं कुणीतरी म्हणतं आणि आपल्यालाही तेच ऐकायचं असतं.

भगिनींनो, आजचा लेख या ‘सकाळी बघू’बद्दल आहे.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. मराठीत ‘उरलेलं’ आणि ‘शिळं’ हे दोन वेगळे शब्द आहेत. उर्दूतही ‘बचा हुआ’ वेगळं, ‘बासी’ वेगळं. ‘बचा हुआ’ म्हणजे उरलेलं आणि वाचलेलंसुद्धा. मराठीतली ‘बचत’ त्याच कुळातली. स्वयंपाकघरात मात्र आपण दोन्ही एकाच मापानं मोजतो. अन्न उरतं ते अंदाज चुकला म्हणून. ते शिळं होतं आपल्या दिरंगाईनं. हा फरक मला तीन वर्षांपूर्वी कळला, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या घरानं मोजली.

धाकटीची आमीन होती. जुलै महिना, कोकणातला पाऊस. साठ माणसांचा स्वयंपाक केला आणि चाळीसच पोहोचली. रात्री फ्रिजमध्ये आमच्यापुरता कोरमा ठेवला आणि जागा संपली. बिर्याणीचं पातेलं झाकण लावून ओट्यावरच राहिलं. सकाळी झाकण उघडलं तर वास छान होता. भांडी घासायला येणाऱ्या ताईंना मी मोठा डबा भरून दिला. मनात समाधान होतं की चला, इसराफ झाला नाही, कुणाच्या तरी पोटात गेलं.

पुढचे दोन दिवस त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा मी जरा कुरकुरतच विचारलं. खाली मान घालून म्हणाल्या, “भाभी, भात बाधला बहुतेक. धाकट्याला उलट्या थांबेनात. सलाईन लावावं लागलं.” तक्रारीचा सूरही नव्हता. मी फ्रिजकडे बघत राहिले. आमच्या कोरम्यासाठी मी जागा केली होती. त्यांच्या वाट्याचं रात्रभर ओट्यावर ठेवलं होतं.

तेव्हापासून आमच्या घरात उरलेल्याचा निकाल त्याच रात्री लागतो.

आधी दोन तास सांभाळा

शिजलेलं चिकन किंवा भात बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. एप्रिल-मेच्या कडक उन्हाळ्यात तर एक तासच धरा. 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्यानं वाढतात. वास आणि चव यांवर विसंबू नका. बाधणाऱ्या अन्नाला वास येतोच असं नाही. भाताची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. त्यातले काही जंतू शिजवूनही जिवंत राहतात आणि बाहेर राहिलेल्या भातात विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. म्हणूनच ‘खळखळून गरम करा, काही होत नाही’ हा सल्ला भाताच्या बाबतीत फसवा आहे.

मोठ्या पातेल्यातलं सालन निवायला फार वेळ लागतो. ते दोन-तीन पसरट भांड्यांत, दोन इंचांपेक्षा जाड थर न ठेवता काढा. पंख्याखाली वाफ जाऊ द्या, मग झाकून फ्रिजमध्ये ठेवा. तुकडे, रस्सा आणि भात वेगवेगळे ठेवा. फ्रिजमध्ये चिकन तीन दिवसांत संपवा, भात दुसऱ्याच दिवशी. जास्त असेल तर एका वेळेपुरत्या पिशव्या करून, वर तारीख लिहून फ्रीझरमध्ये टाका. दोन महिन्यांत वापरा. लागेल तेवढंच बाहेर काढा, आतपर्यंत वाफाळेल असं गरम करा आणि एकदा गरम केलेलं पुन्हा ठेवू नका.

पावसाळ्यात वीज जाते तेव्हा फ्रिजचं दार उघडू नका. दार बंद असेल तर फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो. वीज त्याहून जास्त वेळ गेली, तर आतल्या चिकनवरची माया सोडा.

आता स्वयंपाक

उरलेलं चिकन आधीच शिजलेलं असतं आणि त्यात मीठ-मसालाही असतो. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुढचं सोपं. नवं मीठ शेवटी, चाखून घाला. चिकन शेवटच्या टप्प्यावर घाला, नाहीतर त्याचे दोरे होतात.

*कोरम्याचा दालचा.* एक वाटी चणाडाळ अर्धा तास भिजवून हळद घालून कुकरला मऊ शिजवा. तेलात जिरं, कढीपत्ता आणि एक कांदा परता. त्यावर पाव किलो दुधीच्या मोठ्या फोडी आणि थोडं पाणी घालून शिजू द्या. मग घोटलेली डाळ, कोरम्याचा दोन वाट्या रस्सा आणि दोन चमचे चिंचेचा कोळ घाला. दहा मिनिटं उकळा. शेवटी चिकनचे तुकडे घालून पुन्हा चांगली उकळी येऊ द्या. चार जणांना पुरेल इतक्या चिकनमध्ये आठ जण जेवतात आणि कालचंच सालन आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

*शामी टिक्की.* दोन वाट्या चिकन हाडं काढून मोकळं करा. अर्धी वाटी चणाडाळ लसूण, आलं आणि सुक्या मिरचीबरोबर बेताच्या पाण्यात शिजवून कोरडी करा. दोन्ही एकत्र वाटा. त्यात बारीक कांदा, पुदिना, कोथिंबीर आणि एक अंडं मिसळून दहा-बारा टिक्क्या थापा. तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी लालसर भाजा. मिश्रण सैल झालं तर चमचाभर भाजलेलं बेसन घाला.

*हाडांची यखनी.* टिक्कीसाठी काढलेली हाडं टाकू नका. कुणाच्या ताटातली मात्र घेऊ नका. सहा कप पाणी, आठ मिरी दाणे, दालचिनीचा तुकडा आणि आलं घालून मंद आचेवर चाळीस मिनिटं उकळा आणि गाळा. घरात कुणी आजारी असेल तर गरम यखनी वाटीभर द्या. नाहीतर एक वाटी तांदळाला दोन वाट्या यखनी घेऊन पुलाव करा.

*तळलेल्या चिकनची पोळी.* तळलेले किंवा तंदुरी तुकडे मोकळे करून कांदा आणि ढोबळी मिरचीबरोबर मोठ्या आचेवर परता, लिंबू पिळा आणि गरम पोळीत गुंडाळा. हे नाश्त्याला किंवा मुलं शाळेतून आल्यावर द्या. डब्यात देऊ नका. मी वर्गात बघते, सकाळी सातला भरलेला डबा कधीकधी साडेअकराला उघडतो.

*बिर्याणी.* भात आणि तुकडे वेगळे ठेवले असतील तर तुकडे आधी थोड्या पाण्यात झाकून उकळू द्या. त्यावर भात पसरून पाण्याचा हबका मारा आणि दम द्या. भात मधोमध चांगला वाफाळला की मगच उतरवा.

पहिला डबा

शेवटची गोष्ट माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. दावत संपल्यावर आमच्या ओट्यावर आता तीन प्रकारचे डबे असतात: द्यायचे, फ्रिजमधले आणि फ्रीझरमधले. द्यायचे आधी भरायचे. त्यात गळ्याचे आणि पाठीचे तुकडे गोळा करायचे नाहीत. जे पाहुण्यांच्या ताटात गेलं तेच. ते त्याच रात्री, गरम असताना पोहोचतात. रात्र फार झाली असेल तर आपल्या अन्नासोबत त्यांनाही फ्रिजमध्ये जागा मिळते आणि सकाळी देताना किती वेळ ठेवलंय ते सांगून दिलं जातं. देणं जमणार नसेल, वेळ उलटून गेली असेल, तर ते अन्न टाकून देण्याची हिंमत ठेवायची. जे आपण आपल्या मुलाला देणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलाला देऊन इसराफ टळत नाही. पुढच्या वेळी तांदूळ मोजताना जरा हात आवरायचा.

त्या ताई आजही आमच्याकडे येतात. गेल्या ईदच्या रात्री मुलगी डबा घेऊन त्यांच्याकडे गेली. परत आली ती त्यांनी दिलेल्या दोन गरम तांदळाच्या भाकऱ्या घेऊन. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. आम्ही त्या तेव्हाच खाल्ल्या, सकाळसाठी ठेवल्या नाहीत.