‘नाते’ या रकान्यात काय लिहावे?

कामगारांचे अर्ज भरण्यात आमची तीस वर्षे गेली. शाळा सातवीत सुटली. कायदा शिकलो तो अर्जाच्या रकान्यांतून. प्रॉव्हिडंट फंडाच्या नामनिर्देशनात ‘नाते’ असा एक रकाना असतो. उरणच्या आमच्या कचेरीत एक पन्नाशीचा कामगार त्या रकान्यापाशी बराच वेळ थांबला. वीस वर्षे तो आणि त्याचा जोडीदार एका खोलीत, एका चुलीवर जेवत होते. अखेर त्याने ‘मित्र’ असे लिहिले. तो शब्द अपुरा आहे हे त्यालाही ठाऊक होते, आम्हांलाही.

पुरुषाने पुरुषाशी, स्त्रीने स्त्रीशी संसार करावा हे काहींना रुचत नाही. परंतु म्हातारपण कोणाची रुची विचारून येत नाही. तेव्हा कायदा काय म्हणतो ते पाहू.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे संबंध गुन्हा नाहीत, असा निर्णय दिला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र विवाहाचा हक्क नाकारला. तो प्रश्न विधिमंडळाचा आहे, असे सांगितले. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने कळविले की, अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास व एकमेकांना नामनिर्देशित करण्यास बंदी नाही, आणि रेशनकार्डासाठी त्यांना एका घरातले धरावे. जवळचे नातलग नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात देण्याविषयीही राज्यांना पत्रे गेली. ही परिपत्रके होत, कायदा नव्हे. परिपत्रक आणि करार यांतला फरक कामगाराला समजावून सांगावा लागत नाही.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने निपुत्रिक वृद्धाला निर्वाहखर्च मागता येतो, तो त्याच्या मालमत्तेच्या वारसाकडे. उशाशी बसून औषध देणारा जोडीदार त्या व्याख्येत कोठेच नाही.

ऑस्ट्रेलियात १ जुलै २००९ पासून सरकारी हिशेबात ही जोडपी जोडपी म्हणून धरली जातात. वृद्धाश्रमाचा खर्च ठरविताना तेथे मालमत्ता मोजतात. पण जोडीदार राहत असलेले घर त्यातून वगळतात. मान्यता नव्हती तेव्हा मागे राहिलेल्याचे ते घरही मोजले जाऊ शके. मान्यतेबरोबर भारही आला: जोडप्याची पेन्शन दोन एकट्यांच्या पेन्शनपेक्षा कमी असते. हक्क मागणाऱ्याने भाराला नाही म्हणू नये.

आपल्याकडे तोवर काय करावे? कायद्याच्या व्याख्येतले कुटुंब, म्हणजे पत्नी, मुले, अवलंबून आईबाप, नसेल तर फंडाला कोणाचेही नाव देता येते. पुढे लग्न झाले तर ते रद्द होते. बँकेत नाव लावले एवढ्याने भागत नाही. नामनिर्देशित माणूस पैसे स्वीकारतो, पण वारस त्यावर हक्क सांगू शकतात. म्हणून स्वकष्टार्जित मिळकतीचे मृत्युपत्र करावे आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या. मृत्युपत्राला ‘नाते’ हा रकाना नसतो.

आमचे म्हणणे इतकेच की, वृद्धाची जबाबदारी व हक्क ठरविताना कायद्याने लग्नाच्या दाखल्याबरोबर एकत्र काढलेली वर्षेही मोजावीत. तोपर्यंत ज्यांना कागद करावयाचे असतील त्यांनी संध्याकाळी कचेरीत यावे. कागद कोणाच्या नावे करावयाचा, एवढेच आम्ही विचारू.