हवामानाचा अंदाज : कोणता मानावा, कशासाठी मानावा?



"वेधशाळेने पाऊस सांगितलाय, तेव्हा छत्री घरीच ठेवा," हा विनोद आपल्याकडे फार जुना आहे. सांबरा, बाळेकुंद्री, मुतगे असो की निपाणीकडचा भाग असो, मृग जवळ आला की तो दर वर्षी ऐकू येतो. विनोदाने कुणाचे काही बिघडत नाही. पण त्यामागे जो अविश्वास आहे त्याने बिघडते. पेरलेले बियाणे मातीत जाते, गोठ्यातील जनावरे पुरात सापडतात, आणि वेळ आली तर माणूसही जातो. उलट आंधळेपणाने विश्वास ठेवला तरी नुकसान होतेच. म्हणून अंदाज मानावा की मानू नये, असा प्रश्न न विचारता कोणता अंदाज कोणत्या कामासाठी मानावा, हे समजून घेणे हिताचे आहे.

अविश्वास कशातून आला?

शेतकरी अडाणी म्हणून अंदाज मानत नाही, असे म्हणणे बरोबर नव्हे. त्याने चटके सोसले आहेत. २००२ साली हवामान खात्याने देशात सरासरीच्या १०१ टक्के पाऊस होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात ८१ टक्के झाला आणि ऐन जुलैत पावसाने पाठ फिरवली. २००९ साली जूनमध्ये ९३ टक्के सांगितला, पडला ७८ टक्के. अशा वर्षी ज्याने भरवशावर पेरणी केली त्याला दुबार पेरणी करावी लागली. जुलै २०१७ मध्ये तर बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात हवामान खात्याविरुद्धच तक्रार दिली. बी-बियाणे व औषध कंपन्यांच्या फायद्यासाठी चांगल्या पावसाचा अंदाज दिला, असा त्यांचा आरोप होता. आरोपाची बाजू बाजूला ठेवली, तरी अंदाज ऐकून पेरणी केलेल्या माणसाचा संताप त्यातून दिसतो.

आपल्या भागाला २०१९ साल विसरता येणार नाही. त्या उन्हाळ्यात कृष्णेचे पात्र कोरडे पडले आणि अथणी, रायबाग, चिकोडी भागासाठी महाराष्ट्राकडे कोयनेचे पाणी मागण्याची वेळ आली. जूनमध्ये देशभरात सरासरीपेक्षा ३३ टक्के पाऊस कमी झाला. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा या सर्व नद्यांना महापूर आला आणि निपाणीजवळ यमगर्णी येथे पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आले. त्या वर्षीचा हंगामी अंदाज ९६ टक्क्यांचा होता. हंगाम संपला तेव्हा पाऊस ११० टक्के भरला. एकाच वर्षात दुष्काळ आणि पूर दोन्ही पाहिलेल्या माणसाला "सरासरीइतका पाऊस" हे शब्द पोकळ वाटले, तर नवल नाही.

अंदाज आणि आपले शेत

तथापि प्रत्येक वेळी अंदाजच चुकतो असे नाही. पुष्कळदा तो आपल्या शेतासाठी दिलेलाच नसतो. येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट प्रदेशाची. हवामान खात्याच्या वाटणीत बेळगाव जिल्हा "उत्तर अंतर्गत कर्नाटक" या विभागात येतो. याच एका जिल्ह्यात खानापूर तालुक्यातील कणकुंबीचे घनदाट पावसाचे रान आहे आणि अथणीची कोरडी माळरानेही आहेत. दोन्हीकडच्या पावसात कित्येक पटींचा फरक पडतो. शिवाय आपण मराठी माणसे बातम्या मराठीत ऐकतो. तेथे "मध्य महाराष्ट्र" किंवा "कोकण-गोवा" असे सांगितले जाते. तो अंदाज सांबऱ्याचा नव्हे. तो ऐकून आपण ढगाची वाट पाहतो आणि ढग आला नाही की वेधशाळेला दोष देतो.

दुसरी गोष्ट सरासरीची. मोसमी पावसाची देशाची सरासरी जून ते सप्टेंबर मिळून सुमारे ८७ सेंटिमीटर धरली जाते, आणि एप्रिलमध्ये सांगितले जाणारे टक्के हे या आकड्याचे असतात. २०२३ साली ९६ टक्के सांगितले, ९४ टक्के झाले. देशाच्या हिशेबाने अंदाज जवळजवळ बरोबर ठरला. पण त्याच वर्षी ऑगस्ट महिना १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा गेला आणि कर्नाटकात २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर करावे लागले. गावाच्या सरासरी वयावरून आपल्या घरातील आजोबांचे वय कळत नाही, तसेच हे आहे.

तिसरी गोष्ट शब्दांची. "तुरळक ठिकाणी पाऊस" म्हणजे त्या विभागातील शंभरातील पंचवीस किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. "काही ठिकाणी" म्हणजे पन्नासपर्यंत आणि "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे पंचाहत्तरपर्यंत. तुरळक म्हटले असताना आपल्या शिवारात थेंब न पडणे हेच अधिक संभवनीय आहे. "जोरदार पाऊस" म्हणजेही चोवीस तासांत साडेचौसष्ट मिलिमीटरहून अधिक, असे ठरलेले माप आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच शहरात कुलाब्याला सुमारे ७३. एका शहरात इतका फरक पडतो, तर दोन शिवारांत पडणारच.

लांबचा अंदाज आणि जवळचा अंदाज

हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्यानंतर १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. बेळगाव, विजापूर, धारवाड हे जिल्हे त्यात होरपळले. पाऊस कमी होणार हे आधी कळेल काय, असा प्रश्न तेव्हा सरकारपुढे उभा राहिला. खात्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून ठोकताळे बांधले आणि १८८६ पासून हंगामी अंदाज अधिकृतपणे दिला जाऊ लागला. म्हणजे हा अंदाज आपल्याच पूर्वजांच्या उपासमारीतून जन्मला आहे. पुढे वॉकर यांनी प्रशांत महासागरावरील हवेच्या दाबाचा आपल्या पावसाशी संबंध दाखवला. आज "एल निनो" म्हणून जे ऐकतो ते याच विषयातले. दक्षिण अमेरिकेजवळचा समुद्र तापला की आपला पाऊस बहुधा कमी होतो. "बहुधा" हा शब्द महत्त्वाचा आहे. १९९७ साली अतिशय प्रबळ एल निनो असूनही देशात १०२ टक्के पाऊस झाला.

अलीकडे हंगामी अंदाज काहीसा सुधारला आहे. २०१५ च्या जूनमध्ये ८८ टक्के सांगितला, ८६ झाला. २०२४ साली १०६ सांगितला, १०८ झाला. २०२५ च्या मे महिन्यात १०६ सांगितला, १०८ झाला. तरीही तो देशाचा अंदाज आहे. त्यावरून पेरणीची तारीख ठरवू नये.

जवळच्या, म्हणजे एक ते तीन दिवसांच्या अंदाजाची गोष्ट वेगळी आहे. उपग्रह दिवसरात्र ढग पाहतात, मुंबई व पणजी येथे डॉपलर रडार आहेत, आणि आपल्या सांबऱ्याच्या विमानतळावरही वारा, तापमान व दाब यांची नोंद होते. २०२५ पासून पुण्याच्या संस्थेत तयार झालेली नवी पद्धत सहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंत अंदाज देते. पूर्वी ती बारा किलोमीटरची होती. अशा अंदाजाने जीव वाचतात याचा पुरावा ओडिशात आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ च्या फायलिन वादळाआधी लाखो लोकांना हलविले आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले.

काही मंडळी म्हणतील, आमची नक्षत्रे बरी. रोहिणी, मृग, आर्द्रा ही नक्षत्रे सूर्याच्या स्थितीवरून धरली जातात व दर वर्षी जवळजवळ त्याच तारखांना येतात. वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्यांत साठवला आहे आणि कामाचे वेळापत्रक म्हणून त्याची किंमत मोठी आहे. परंतु साधारण कधी काय होते एवढेच ती सांगतात, या वर्षी काय होणार ते सांगू शकत नाहीत. शिवाय वेधशाळेची चूक आपण वर्षभर उगाळतो, आणि बेडूक-म्हशीच्या वाहनावरून सांगितलेला पाऊस पडला नाही तर त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

पुराच्या इशाऱ्याचा हिशेब

पुराच्या वेळी लोक हलत नाहीत याचे एक कारण असे, की इशारा क्युसेकमध्ये येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. हे पाठ केले, तरी पाणी आपल्या उंबऱ्याला लागेल की नाही ते कळत नाही. यावर उपाय गावातच आहे. २०१९ व २०२१ साली पाणी कोठवर आले होते, ते शाळेच्या किंवा पुलाच्या भिंतीवर रंगाने खुणावून ठेवावे आणि त्या दिवशी धरणातून किती पाणी सुटले होते ते शेजारी लिहावे. पुढच्या वेळी आकडा ऐकताच पाणी कोठे येणार याचा अदमास लागेल.

वेदगंगा-दूधगंगेच्या काठी राहणाऱ्यांनी कोल्हापूर जिल्ह्याचा इशाराही ऐकावा, कारण पाणी तेथूनच येते. २०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवसांत कोल्हापूरच्या डोंगरांतही धो धो पडला आणि यमगर्णीला महामार्ग पुन्हा बंद झाला. आपल्या दारात ऊन असले तरी घाटावरचा पाऊस नदीने आपल्याकडे येतो. तो यायला जो वेळ लागतो, तेवढाच आपल्याला अवधी. बळ्ळारी नाल्याकाठच्या भातशेतकऱ्यांना मात्र तेवढाही मिळत नाही. तेथे शहरातील पाऊस काही तासांत शिवारात येतो.

आता साधा हिशेब करा. इशारा ऐकून म्हशी उंचावर नेल्या आणि पाणी आले नाही, तर अर्धा दिवस व थोडी वैरण गेली. न ऐकता पाणी आले, तर म्हैस गेली. चार इशाऱ्यांपैकी तीन फुकट गेले तरी ऐकणाऱ्याचाच फायदा आहे. बियाण्याचा हिशेब याच्या उलटा. लांबच्या अंदाजावर घाईने पेरले आणि पाऊस लांबला, तर सगळे बियाणे जाते. चार दिवस थांबले तर थोडेसेच जाते.

दुष्काळाबद्दलही एक गैरसमज आहे. दुष्काळ जाहीर होणे हा अंदाज नव्हे. तो झालेल्या पावसाच्या तुटीवरून, कोरड्या आठवड्यांवरून आणि पिकांच्या पाहणीवरून घेतलेला सरकारी निर्णय असतो, म्हणून तो उशिरा येतो. आपल्या राज्यात त्यासाठी ग्रामपंचायतींतून पर्जन्यमापक बसविले आहेत. आपल्या पंचायतीचा पर्जन्यमापक चालू आहे की झाडाच्या आडोशाला पडला आहे, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

आपण काय करावे?

१. घरचा पर्जन्यमापक करावा. सरळ भिंतीचा, तळाशी व तोंडाशी सारख्या रुंदीचा डबा झाडापासून दूर, उघड्या जागी ठेवावा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजून डबा रिकामा करावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी.

२. वहीत तीन रकाने करावेत : काय सांगितले, किती पडला, आपण काय केले. दोन पावसाळे वही ठेवली की अंदाज कितपत खरा ठरतो ते तुमचे तुम्हालाच कळेल.

३. सोयाबीन, भुईमूग यांची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्यावरच करावी. वळिवावर भाताची धूळवाफ पेरणी करणाऱ्यांनी सर्व शेत एकदम न पेरता थोडे बियाणे मागे ठेवावे.

४. मंगळवारी व शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी-हवामान सल्ला पाहावा. मोबाईलवर "मेघदूत" ॲपमध्ये तो मिळतो. कन्नड वाचणारे शाळकरी मूल घरात असेल तर त्याच्याकडून वाचून घ्यावा. फवारणी, खत आणि मळणी यांसाठी हाच अंदाज उपयोगी आहे.

५. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे हालचाल करा. वेधशाळेच्या नावाने मोबाईलवर फिरणाऱ्या निरोपावर तारीख व जिल्हा नसेल तर तो पुढे पाठवू नये.

६. वळिवाच्या दिवसांत गडगडाट ऐकू येताच झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावे. पूर ओसरल्यावर आठ-पंधरा दिवस पाणी उकळून प्यावे. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये, आणि ताप आल्यास अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवावे. उंदरांच्या मुतापासून होणारा ताप या दिवसांत फैलावतो.

योसेफाने फारोला सात वर्षांच्या दुष्काळाची सूचना दिली, हे आपण सर्व जाणतो. पण नुसत्या सूचनेने मिसर देश वाचला नाही. सुकाळाच्या वर्षांत कोठारे भरली म्हणून तो वाचला. वेधशाळेचे काम सूचना देण्याचे आहे, आणि ते तिने अधिक चांगले करावे अशी मागणी आपण जरूर करावी. कोठार भरण्याचे, बियाणे राखण्याचे आणि गोठा वेळेवर रिकामा करण्याचे काम मात्र आपल्यालाच करावयाचे आहे.