वारशाचा कागद आधी वाचून घ्या, मग सही करा

घरातील कर्ता माणूस गेला की तेराव्यापर्यंत नातेवाइकांची वर्दळ असते. त्यानंतर सुरू होते ती कागदांची वर्दळ. मृत्यूचा दाखला, वंशावळ, उताऱ्यावरील वारसनोंद, बँकेतील ठेव. सीमाभागातील मराठी माणसाच्या दुःखात येथे आणखी एक भर पडते. हे कागद त्याच्या भाषेत नसतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव परिसर तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्यापूर्वीचे जमिनीचे मराठी कागद अनेक घरांच्या पेटीत आजही आहेत. आजचा उतारा मात्र कन्नडमध्ये आणि पासबुक इंग्रजीत. एकाच आजोबांचे नाव तीन लिप्यांत तीन तऱ्हांनी उमटते आणि वारसाला कचेरीत सांगत बसावे लागते, की हे तिघे एकच!

आमच्या समितीकडे एकदा एक भाऊ-बहीण आले. वडिलांच्या जमिनीवर दोघांची नावे लावायची होती. टंकलेखकाने करून दिलेल्या कन्नड कागदावर भावाची सही झाली होती, बहिणीचा अंगठा राहिला होता. आमच्यातील कन्नड जाणणाऱ्या सहकाऱ्याने तो वाचला. बहीण आपला हिस्सा सोडत आहे, असे त्यात लिहिले होते. भावाच्या डोळ्यांत पाणी आले. त्यालाही ते ठाऊक नव्हते. टंकलेखकाने नेहमीचाच मसुदा उतरवला होता. कोणीच कोणाला फसवत नव्हते, तरी बहीण फसणार होती. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. न वाचलेल्या एका कागदाने हा हक्क धोक्यात येतो.

म्हणून कोणत्या कामाला कोणता कागद, हे आधी समजून घ्यावे. जमिनीसाठी न्यायालयाचा वारसा दाखला लागत नाही. कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम १२८ नुसार वारसाने तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यायची असते. मृत्यूचा दाखला व वंशावळ जोडून सर्व वारसांची नावे द्यावीत. मुदत टळली म्हणून हक्क बुडत नाही, पण नोंद जितकी लांबेल तितके वारस वाढतात आणि गुंताही वाढतो.

बँकेतील ठेव, शेअर्स, येणे रक्कम यांसाठी न्यायालयाचा वारसा दाखला लागू शकतो. रक्कम लहान असेल तर बँका बहुधा हमीपत्रावरही पैसे देतात, तेव्हा आधी बँकेत विचारावे. ठेवीला नाव लावलेला नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण तेवढ्याने तो मालक होत नाही.

दाखल्याचा अर्ज भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ३७२ खाली, मृत व्यक्ती जेथे राहत होती त्या हद्दीच्या न्यायालयात करतात. मृत्यूची वेळ, राहण्याचे ठिकाण, जवळच्या नातलगांची नावे-पत्ते, अर्जदाराचा हक्क आणि येणे रकमांचा तपशील त्यात द्यावा लागतो. जाणूनबुजून खोटा मजकूर दिला तर तो गुन्हा ठरतो. मग न वाचता सही करण्यात केवढा धोका आहे, हे सांगायला नकोच.

वकील परवडत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना, मुलांना व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा कार्यालयात चौकशी करावी. वकिलांना तीन गोष्टी जरूर सांगाव्यात. अर्ज मराठीत वाचून दाखवा. मजकूर मराठीत समजावून सांगितल्याची ओळ प्रतिज्ञापत्राखाली घाला. वृत्तपत्रात नोटीस द्यायची झाल्यास ती मराठी दैनिकातही यावी, अशी विनंती न्यायालयाला करा. जुने मराठी कागद मात्र भाषांतरासह जोडावे लागतात, हे लक्षात ठेवावे. मूळ प्रती हातच्या सोडू नयेत.

मराठीतून कागद मिळावेत ही आपली मागणी आहे आणि ती राहील. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क घटनेच्या कलम ३५० ने दिला आहे. तो वापरून कचेऱ्यांना मराठीत अर्ज करत राहू. पण मागणी मान्य होईपर्यंत बहिणीचा हिस्सा थांबू शकत नाही. आमच्या शाळांतून शिकून गेलेली मुले आज कन्नड सहज वाचतात. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ गावच्या वाचनालयात बसावे आणि वडीलधाऱ्यांचे कागद वाचून द्यावेत. कन्नड वाचता येणे म्हणजे मराठी सोडणे नव्हे. आपल्या आईच्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे, हे तिला मराठीत सांगणे ही मराठीचीच सेवा आहे.