चिनहटची भांडी

लोणच्याची बरणी मराठी घरांना नवी नाही. वर तपकिरी, खाली फिकट पिवळसर आणि हाताला जड अशी ही बरणी उत्तर हिंदुस्थानात मर्तबान म्हणून ओळखली जाते. ब्रह्मदेशातील मर्तबान बंदरातून अशा बरण्या दूरदूर जात, म्हणून तिला हे नाव पडले. मीठ आणि आंबट वर्षभर पोटात ठेवूनही ती झिजत नाही. याचे रहस्य तिच्या भाजणीत आहे.

कुंभाराचे साधे मडके सुमारे ८०० ते ९०० अंश उष्णतेवर भाजते. त्याच्या अंगात सूक्ष्म छिद्रे राहतात, त्यांतून पाणी पाझरते आणि त्यामुळेच आतील पाणी थंड होते. परंतु माठाचा जो गुण, तोच बरणीचा दोष ठरतो. योग्य मातीत गारगोटीची पूड व फेल्डस्पार मिसळून ती १२०० अंशांच्या आसपास भाजली, म्हणजे तिचा काही भाग वितळून काचेसारखा होतो आणि छिद्रे बुजवितो. भांडे दगडासारखे घट्ट बनते आणि वरची झिलई अंगाशी एकजीव होते.

या उच्च भाजणीचा एक प्रयोग लखनौजवळ झाला. शहराच्या पूर्वेस, अयोध्येकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिनहट आहे. ३० जून १८५७ रोजी सर हेन्री लॉरेन्स यांच्या फौजेचा येथे पराभव झाला. त्यानंतर बरोबर १०० वर्षांनी, १९५७ साली, उत्तर प्रदेश शासनाच्या नियोजन संशोधन संस्थेने येथे मृत्पात्रांचे प्रायोगिक केंद्र उघडले. गावकऱ्यांना घराजवळ उद्योग मिळावा, हा त्यामागील हेतू होता. दुधाळ रंगाच्या अंगावर तपकिरी व हिरव्या झिलईची साधी भौमितिक नक्षी, ही चिनहटच्या पेल्यांची, वाडग्यांची आणि फुलदाण्यांची ओळख ठरली.

रोजच्या वापरातील वस्तूंतच खरे सौंदर्य असते, हा विचार जपानमध्ये यानागी सोएत्सू यांनी मांडला. त्यांच्या सहवासाचा लाभ झालेले सरदार गुरुचरण सिंग यांनी दिल्लीत हीच वाट धरली. चिनहटच्या भांड्यांनाही तीच कसोटी लावावयास हवी.

तथापि, गेल्या शतकाच्या अखेरीस हे शासकीय केंद्र बंद पडले. काही खाजगी कारागिरांनी काम पुढे चालविले, पण उच्च उष्णतेची भट्टी एकट्यादुकट्या कुंभाराला पेलणारी नसते. इंधन, साहित्य आणि फुटतूट यांचा भार अनेकांनी वाटून घ्यावा लागतो. केंद्र गेले, की हा आधारही जातो. पुढे २०१८ साली ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजना आली, तेव्हा लखनौच्या वाट्याला चिकन आणि जरीकाम आले. बुलंदशहर जिल्ह्याकरिता मात्र खुर्जाच्या चिनी मातीच्या भांड्यांची निवड झाली.

अशा कलेचे भवितव्य शेवटी ग्राहकाच्या पारखीवर अवलंबून असते. पारख अवघड नाही. भांडे हलकेच वाजवावे. चांगले भाजलेले भांडे खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. मग ते उपडे करून तळाच्या बिनझिलईच्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवावा. तो तत्काळ शोषला गेला, तर भाजणी कच्ची. तसाच राहिला, तर पक्की. नक्षी पाहण्यापूर्वी एवढे पाहणारा ग्राहक चांगल्या कुंभाराच्या श्रमांचे मोल जाणतो, आणि ते मोल देण्यास त्याला संकोच वाटत नाही.