पोर्टलला जोडीदार नसतो

‘माझं पोर्टल कुणीतरी फिरवलं!’ माइनक्राफ्टच्या सामाईक जगात खेळणाऱ्या पोरांकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता मी आधी एकच विचारतो, तुझ्या पोर्टलचे आकडे सांग. आकडे कुणाकडेच नसतात, आरोप मात्र तयार असतो. चकलांब्यातल्या पोरानं आणि पुण्याहून त्याच सर्व्हरवर येणाऱ्या त्याच्या मामेभावानं आपापल्या घरापुढं पोर्टल उभं केलं. एक जण नेदरमध्ये, म्हणजे खेळातल्या दुसऱ्या जगात, जाऊन परत आला तो दुसऱ्याच्या अंगणात. मग हॅक केलं, पोर्टल चोरलं, ॲडमिन त्याच्या बाजूचा आहे, अशी सुरुवात होते आणि दोन भावांचं बोलणं बंद होतं. बहुतेक वेळा कुणी काहीच केलेलं नसतं.

या भांडणाच्या मुळाशी एक पक्का समज आहे: प्रत्येक पोर्टलची पलीकडच्या एका पोर्टलशी कायमची जोडी असते, आणि ती जोडी बांधणाऱ्याच्या मालकीची असते. हे साफ चूक आहे. पोर्टल म्हणजे ऑब्सिडियनची चौकट आणि आत जांभळा पडदा. ते कुणी बांधलं, तुम्ही मघाशी कुठून आलात, यातलं काहीही खेळ जोडी म्हणून लिहून ठेवत नाही. दर वेळी तुम्ही पडद्यात उभे राहिलात की खेळ नव्याने हिशोब करतो.

तो हिशोब असा. मूळ जगातल्या तुमच्या जागेचे एक्स आणि झेड हे दोन आकडे आठने भागले जातात. येणाऱ्या उत्तराच्या जागी खेळ नेदरमध्ये जातो आणि चारी बाजूंना १६ ब्लॉकपर्यंत पेटलेलं पोर्टल शोधतो. सापडलेल्यांपैकी सगळ्यात जवळचं निवडतो, एकही नसेल तर स्वतः नवं उभं करतो. परतताना आठने गुणाकार, आणि शोध १२८ ब्लॉकपर्यंत. (हे आकडे संगणकावरच्या जावा आवृत्तीचे. मोबाइलवरही आठाचा हिशोब तोच आहे.) म्हणजे बीड ते छत्रपती संभाजीनगर हे सुमारे १३० किलोमीटरचं अंतर नेदरमधून सोळा किलोमीटरवर येतं. नेदरचा खरा उपयोग हाच आहे, आणि दारं एकमेकांत गुंततात तीही याच आकसण्यामुळे.

आता त्या दोन भावांची घरं मांडू. एकाचं पोर्टल एक्स ८००, झेड ४०० वर. आठने भागून नेदरमध्ये १०० आणि ५०. तिथे खेळानं त्याला पोर्टल करून दिलं. दुसऱ्याचं एक्स ९००, झेड ४०० वर. त्याचा हिशोब ११२ आणि ५० वर येतो, आणि १०० वरचं पोर्टल तिथून अवघ्या बारा ब्लॉकांवर आहे. मग खेळ नवं कशाला बांधेल? तो दुसऱ्या भावाला पहिल्याच्याच दारातून नेदरमध्ये सोडतो. परतताना १०० गुणिले आठ, ८००. सगळ्यात जवळचं पोर्टल पहिल्या भावाचं. चोरी झाली ती एवढीच!

उपायही हिशोबातच आहे. दुसऱ्यानं नेदरमध्ये पायी जाऊन ११२, ५० या जागी स्वतःच्या हातानं चौकट बांधून पेटवावी. मग जाताना तीच सगळ्यात जवळची ठरते, आणि परतताना ११२ गुणिले आठ म्हणजे ८९६, जे ९०० ला लागून आहे. उंचीकडे मात्र लक्ष हवं. तिला आठने भागायचं नाही, पण ‘जवळचं’ ठरवताना ती धरली जाते. आकडे संगणकावर एफ-थ्री दाबून दिसतात, मोबाइलवर सेटिंगमध्ये जाऊन दाखवायला लावता येतात.

हा गैरसमज इतका टिकला कसा, तेही समजण्यासारखं आहे. एकट्यानं, एकाच पोर्टलनं खेळणाऱ्याला आयुष्यभर जोडीच दिसते. शेजारी आल्यावरच ती मोडते. त्यात जुन्या व्हिडिओंची भर. पूर्वी नेदरमध्येही शोध १२८ ब्लॉकपर्यंत चालायचा, तेव्हाचे सल्ले आजही लोक डोळे मिटून पाळतात. कृपा करून व्हिडिओची तारीख बघत जा.

दुसरा गोंधळ प्रकारांचा. मोठ्या सर्व्हरवर सुरुवातीच्या चौकात जी पोर्टलं असतात ती बहुधा सर्व्हर चालवणाऱ्यानं प्लगइननं बसवलेली असतात. दिसतात नेदरसारखी, नेतात तो सांगेल तिथे. त्यांना वरचा हिशोब लागू नाही. खेळाची स्वतःची दारं तीनच. नेदर पोर्टल २०१० च्या हॅलोविन अपडेटमध्ये आलं. एंड, म्हणजे ड्रॅगनच्या जगात नेणारं एंड पोर्टल जमिनीखालच्या किल्ल्यात असतं, बारा चौकटींत एंडरचे डोळे बसवल्यावर उघडतं, आणि सर्व्हायव्हलमध्ये ते बांधता येत नाही. एंड गेटवे ड्रॅगन मेल्यावर उघडतो आणि दूरच्या बेटांवर नेतो. ड्रॅगन पुन्हा पुन्हा मारून असे जास्तीत जास्त वीस गेटवे उघडतात.

बाकीचे समज झटपट. कोपऱ्यांशिवाय पोर्टल पेटत नाही? पेटतं, चौदाऐवजी दहा ब्लॉकांत काम होतं. पडक्या पोर्टलातलं जांभळे थेंब गाळणारं ऑब्सिडियन चालतं? नाही, तो ब्लॉक बदलावाच लागतो. ग्लोस्टोनच्या चौकटीत पाणी ओतलं की स्वर्ग? ते ‘एदर’ नावाच्या मॉडमध्ये, मूळ खेळात कधीच नव्हतं. पोर्टलात पुस्तक टाकलं की नवी दुनिया? खरं होतं, पण १ एप्रिल २०२० च्या एप्रिल फूल आवृत्तीपुरतंच. पोर्टलातून अफवांतलं भूत हेरोब्राइन येतो? खेळ बनवणारी मोजँग स्वतःच आपल्या बदलांच्या यादीत ‘हेरोब्राइन काढला’ असं गमतीनं लिहीत आली आहे, तो खेळात कधी नव्हताच. नेदरमधल्या उडत्या घास्टच्या आगीच्या गोळ्यानं पोर्टल फुटतं? ऑब्सिडियन तसंच राहतं, पडदा विझतो, चकमकीनं पुन्हा पेटवा.

आणि एंडमधून परतताना गेलो त्याच किल्ल्यात निघू, हा समज सगळ्यात महागात पडतो. परतीचं दार तुम्हाला तुमच्या बिछान्याजवळ नेतं, बिछाना नसेल तर जगाच्या सुरुवातीच्या जागी. किल्ल्यात पेट्या भरून ठेवल्या असतील तर ड्रॅगनकडे निघण्याआधी बिछाना तिथेच टाकून झोपून घ्या.